बुडालेलं बी

बटाटा बुडाला तर मीठ कमी, तरंगला की पाणी झालं तयार, असं भीमराव सांगत होता आणि कमळाबाई ओटीच्या खांबाला पाठ टेकून ऐकत होती. ऐकत होती म्हणजे कान तिकडे होते, जीव गुडघ्यात होता. सकाळी डोंगरावरून लाकडाचे दोन भारे आणले होते आणि तेव्हापासून गुडघा असा बोलत होता, की भीमरावाचं बोलणं त्याच्या मागून ऐकू यावं.

"खरं तर अंडं टाकून बघतात," भीमराव म्हणाला. मग कमळाबाईच्या नवऱ्याच्या, भगवंताच्या, गळ्यातल्या माळेकडे त्याची नजर गेली. "पण बटाटा चालतो. बटाट्याने काही अडत नाही."

"बटाटा बरा," भगवंत म्हणाला. "त्यो बी माळकरीच. मातीत पडून ऱ्हातो, कुनाच्या अध्यात नाय."

भीमराव शेतकी खात्यातला कृषी सहायक. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. दर मंगळवारी बदलापूरहून एस्टीने बारवीच्या रानात यायचा, पाड्यापाड्यावर हिंडायचा आणि तीनच्या गाडीने परत जायचा. सुधारित शेतीचं ऐकायला पाड्यावर कुणाला सवड नव्हती. ज्यांचे पोरगे कारखान्यात लागले होते ते म्हणत, साहेब, आता कशाला? एकट्या कमळाबाईने त्याला बसायला घोंगडी टाकली, आणि तीसुद्धा हौसेने नव्हे. तिला कांग वाचवायचा होता.

कांग म्हणजे घाटावरचा राळा. कोल्ह्याच्या शेपटासारखं झुबकेदार कणीस, मोहरीहून बारीक दाणा. धरण व्हायच्या आधी वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावर, सगळेच तो फेकून पेरत. मग पाणी चढलं. भाताची खाचरं गेली, चिंच गेली, विठोबाचं देऊळ पायऱ्यांसकट गेलं. कमळाबाईची सासू वेणूबाई घरातून निघाली ती दोन वस्तू घेऊन: एका काखेत देवाची तसबीर, दुसऱ्या काखेत कांगाच्या बियाचं मडकं. त्या साली वरच्या पाड्यावर सप्ताहाचा मांडव घातला तेव्हा कुणाच्या घरात धड तांदूळ नव्हता. वेणूबाईने मडक्यातलं अर्धं बी उखळात सडून खीर केली आणि काल्याच्या कीर्तनाला तीच वाटली. तेव्हापासून रिवाज पडला. कार्तिकात सप्ताह, शेवटच्या दिवशी सकाळी काला, आणि काल्याला कमळाबाईच्या घरच्या तांबड्या कांगाची खीर.

बाकीच्यांनी कांग कधीच सोडला होता. रेशनचा तांदूळ सडावा लागत नाही. एका घरात राहिलेलं बी तेवढं उरलं होतं, आणि तेही दोन वर्षं खालावत चाललेलं. कणसं काणीच्या रोगाने काळी पडत, दाणा पोचट भरे. यंदा मडक्यात जेमतेम दोन शेर होतं. हे साल गेलं, की बुडालेल्या गावातली शेवटची जिवंत वस्तू गेली. हे कमळाबाई कुणापाशी बोलली नव्हती. बोलायलाही दम लागतो.

थोरला जयदेव अंबरनाथच्या कारखान्यात होता. रविवारी आला की म्हणायचा, "आई, कशाला मरतेस? उल्हासनगरला कंगनी मिळते, पोत्याने. सिंधी सेठ बोलतो, तोते का दाना है, जितना चाहिये उतना लो. तीच शिजव ना."

"मंग काल्याला पोपट बोलव," कमळाबाई म्हणायची.

"अगं, खिरीत कोणाला कळणार?"

"मला."

तर भीमराव सांगत होता. फेकून पेरायचं नाही, दोरी लावून ओळीत पेरायचं. दोन ओळींत एक वीत अंतर. उगवलं की विरळणी, चार बोटांवर एक रोप ठेवायचं. दोनदा बेणणी करून तण काढायचं. आणि सगळ्यांच्या आधी मिठाचं पाणी.

"मिठाच्या पाण्यात बी सोडा, ढवळा, आणि थोडं थांबा," तो म्हणाला. एवढ्यात खालच्या वळणावर एस्टीचा भोंगा वाजला. तो उठला, पिशवी खांद्याला मारली आणि पायात चपला सरकवता सरकवता म्हणाला, "वर येईल ते काढून घ्या, मावशी. मग दोन-तीन पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि पेरा. कळलं ना?"

"कळला, कळला. जा, गाडी चुकंल."

तो पळाला. त्याच्या चपलांची धूळ खाली बसेपर्यंत कमळाबाई तशीच टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने घमेल्यात पाणी घेतलं, मीठ विरघळवलं, बटाटा तरंगवला. मग मडकं आणलं. मडक्याला हात लावताना ती नेहमी पदर डोक्यावर घ्यायची, सासू समोर असल्यासारखी. बी पाण्यात सोडलं आणि काठीने ढवळलं. हळूहळू पाणी दोन भागांत वाटलं गेलं. वर तांबूस साय धरल्यासारखा एक थर, खाली तळाला एक थर.

भगवंत शेजारी बसून बघत होता. एके काळचा पखवाजी. वांगणीचे कीर्तनकार बुवा आले, की साथीला भगवंतच लागायचा. गेली तीन वर्षं हात कापत होते, तेव्हापासून पखवाज गवसणीत बंद होता. पण कीर्तनं सगळी डोक्यात होती. बोट उचलून कुठलंही काढून दाखवील.

"अगो," तो एकदम म्हणाला, "ह्यो तर भवसागर!"

"काय?"

"खारा पानी. बुवा काय सांगतात काल्याला? संसार हा खारा समुद्र. जो जड तो बुडाला, जो हलका तो तरला." त्याचे डोळे चमकले होते. "बघ, दाने कसे तरल्येत. साहेब शिकलेला हाय, पन गोष्ट बुवांचीच सांगून गेला. बुडला तो गेला, तरला तो आपला."

कमळाबाईने घमेल्यात पाहिलं. साहेब म्हणाला होता, वर येईल ते काढून घ्या. बुवा म्हणत होते, तरला तो वाचला. आणि पाड्यावर तर बुडणं हा शब्दच कुणी सुखासुखी तोंडात घेत नसे. इथे सूर्यसुद्धा मावळायचा, बुडायचा नाही. तिघांची साक्ष एक पडली. मग शंका कुठून येणार?

तिने वरचं बी चाळणीने अलगद काढून घेतलं. अर्ध्याहून जास्तच तरलं होतं, तिला बरं वाटलं. तीन पाण्यांनी धुतलं, सावलीत फडक्यावर पसरलं. खालचं उकिरड्यावर टाकवेना, बी ते बी. ते ओंजळीने उपसून परसात नेलं आणि पडक्या गोठ्याच्या जागी भिरकावून दिलं. पाखरं खातील. बैल विकून चार वर्षं झाली होती. गोठ्याचं छप्पर पडलं होतं आणि शेणामुताने काळी झालेली ती जमीन उगाच पडून होती.

पेरणीला तिने दोरी लावली. वरकसाच्या आठ गुंठ्यांत ओळीमागून ओळ, वितीमागून वीत, वाकून वाकून. पूर्वी सासरा सूप कमरेला लावून चालत चालत फेकायचा आणि गाणं संपायच्या आत शेत संपायचं. ही सुधारणा म्हणजे देवाला एकेका तांदळाने अक्षता वाहण्यासारखी होती. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. भगवंताने कापऱ्या हाताने चहा केला, अर्धा चुलीत सांडला, अर्धा तिला दिला.

पावसाने दगा दिला नाही. दगा ओळींनी दिला. आठ दिवस झाले, दहा झाले. वेलवर्गी तण उगवलं, टाकळा उगवला, ओळीत मात्र इथे एक काडी, तिथे एक काडी, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. कमळाबाई रोज बांधावर जाऊन उभी राहायची. वाकून बघायचं आताशा सोडलं होतं. वाकलं की उठताना कळ यायची आणि दिसायचं तर काहीच नाही.

बाराव्या दिवशी भीमराव आला. शेत बघून त्याने छत्री मिटली, पावसातच.

"मावशी, सांगितलं तसं केलंत ना?"

"अक्षी तसाच. दोरी लावली. वीतभर अंतर. माझी पाठ विचारा."

"मिठाचं पाणी?"

"केला. बटाटा तरला. वर आला ता काढून घेतला, तीन पान्यांनी धुतला, सावलीत वाळवला नि पेरला."

भीमरावाने ओळीतली एक काडी बोटाने हलवून पाहिली. मग हळूच म्हणाला, "वर आलेलं पेरलंत?"

"तुमीच बोललाव. काढून घ्या."

"काढून घ्या म्हणजे... काढून टाका हो! वरचं पोचट असतं. हलकं ते पोकळ. जड ते भरलेलं. खाली बसतं ते बियाणं!"

कमळाबाई बांधावर बसली. चिखलातच. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की वेणूबाई काखेत मडकं घेऊन चढण चढते आहे, आणि चढणीच्या वर कोणीच नाही.

ओटीवर भगवंताला कळलं तेव्हा त्याने गळ्यातली माळ धरली. "मी सांगितला. माझी जीभ झडो. भवसागर बोललो मी. हिला काय ठावं?"

"नाही काका, चूक माझी," भीमराव म्हणाला. "गाडीच्या घाईत बोललो. काढून घ्या म्हणालो. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं." तो डोकं धरून बसला. खात्याचं सुधारित बी आणून देतो म्हणाला, पण ते त्यालाच पटेना. ते बी पिवळं होतं, परक्या रानातलं. मग एकाएकी त्याने मान वर केली. "मावशी, बुडालेलं कुठे टाकलंत?"

"परसात. गोठ्याच्या जागंवर. पाखरांनी खाल्ला असंल."

तिघं मागच्या दारी आली. गोठ्याच्या जागी दाट हिरवंगार गवत माजलं होतं, पायपुसण्यासारखं घट्ट. कमळाबाईने ते आठ दिवस बघितलं होतं आणि गवत म्हणून सोडून दिलं होतं. शेजारणीच्या शेळीने एक कोपरा साफ केला होता, तेव्हा तिने हाकलायचेही कष्ट घेतले नव्हते.

भीमरावाने एक काडी उपटली. बुडखा तांबूस होता.

कमळाबाईने ती त्याच्या हातातून घेतली. बोटाने चोळली, वासही घेतला. "ह्यो कांग," ती म्हणाली. "आपला."

भगवंत मटकन दारातच बसला आणि म्हणाला, "विठ्ठल, विठ्ठल."

पण भीमरावाचा चेहरा खुलला नव्हता. "उगवलंय खरं, पण एवढ्याशा जागेत एवढी दाटी. एकमेकांना खातील. विरळणी करून शेकड्यात पाच ठेवावी लागतील. बाकीची उपटून टाकायची."

"टाकायची?" कमळाबाईने विचारलं. ह्या वर्षी टाकायचं ते सगळं टाकून झालं होतं. तिने दाटीत बोटं घालून रोपं चाचपली. मग म्हणाली, "ह्यो रोपांचा राब झाला की, साहेब. लावनी करू."

"कांगाची लावणी?" भीमराव म्हणाला. "मावशी, कांगाची लावणी करत नाहीत. आमच्या पुस्तकात तरी नाही."

"पुस्तकाला काय नाचनी ठाव नाय? नाचनीची लावनी करताव, भाताची करताव. ह्यानं काय घोडा मारलाय? वीतभर वाढू दे. मंग तुमची दोरी नि माझी लावनी."

भीमराव हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी हसलं.

बोलणं सोपं होतं. लावणीचे दिवस आले तेव्हा पाड्यावर एक हात मोकळा नव्हता, जो तो भाताच्या चिखलात. मंगळवारी भीमराव आला, त्याने पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरीचं एक टोक धरलं. रविवारी जयदेव आला, त्याने शिव्या घालत दुसरं धरलं. मधल्या सगळ्या दिवशी कमळाबाई एकटीच. दोरी बांधायची, चार बोटांवर रोप खोचायचं, अंगठ्याने दाबायचं, पुढे सरकायचं. जिथे जुन्या ओळीत एखादी काडी उभी होती, तिथे ती तशीच राहू देई. पोचटातही एखादा निघतोच भरलेला, त्याला का उपटा?

भगवंत गोठ्यापाशी बसून रोपं काढायचा आणि जुड्या बांधायचा. रोप उपटलं, की त्याचा हात आपोआप कापायचा आणि मुळांची माती झडून जायची. "बघ," तो एकदा म्हणाला, "पखवाजाला नाय उरला, पन रोपं झाडायला बरा हाय." कमळाबाईला हसावंसं वाटलं होतं. तेवढी शक्ती नव्हती. तिने नुसती जुडी उचलली.

आठ गुंठ्यांतले पाचच भरले. उरलेल्या जागेसाठी रोपं नव्हती आणि असती तरी तिच्यात त्राण नव्हतं. नंतर दोन बेणण्या झाल्या. ओळी असल्यामुळे तण कुठलं आणि कांग कुठला हे लांबून दिसायचं, वाकून एकेक पान पारखावं लागत नव्हतं. एवढं मात्र तिने भीमरावापाशी कबूल केलं. "दोरीनं पाठ मोडली," ती म्हणाली, "पन डोळं वाचवलं."

भाद्रपदात कणसं लवली आणि चिमण्या उतरल्या. जयदेवाने उल्हासनगरहून पिशवीभर कंगनी आणली होती. आई ऐनवेळी अडली तर खिरीला होईल, असं त्याच्या मनात. कमळाबाईने त्यातली ओंजळ ओंजळ रोज पलीकडच्या कातळावर टाकली. चिमण्यांनी सेठचा दाणा खाल्ला आणि बरंचसं शेत सोडलं.

"पोपटाचा दाना पाखरांलाच गेला," ती लेकाला म्हणाली. "वाया नाय गेला."

आश्विनात कापणी झाली. मळणी ती काय! सुपाने पाखडलं, तेव्हा दोन पायल्यांच्या वर थोडं भरलं. फार नव्हे. पण कणसाला काणी नव्हती आणि दाणा मुठीत घेतला की जड लागत होता. खीर शिजवायच्या आधी तिने बी बाजूला काढलं. घमेलं आणलं, मीठ आणलं, बटाटा आणला. भगवंत जवळ आला नाही, लांबूनच बघत राहिला. ह्या वेळी वर फारसं काही आलंच नाही. जे आलं ते तिने काढून घेतलं आणि टाकून दिलं. तळाचं धुवून वाळवलं आणि मडक्यात भरलं. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधताना गाठ दोनदा सुटली, बोटं वळेनाशी झाली होती.

कार्तिकात सप्ताह झाला. काल्याच्या सकाळी मांडवात वांगणीचे बुवा उभे राहिले. उपरणं कमरेला, चिपळ्या हातात, मागे टाळकऱ्यांची ओळ. पखवाजावर कोणी नवा गडी होता आणि भगवंत त्याच्या शेजारी बसून मांडीवर कापऱ्या बोटांनी ठेका धरत होता. भीमराव मागे खांबापाशी टेकला होता. माळ नव्हती, टिळा नव्हता, मंगळवारही नव्हता, पण आला होता.

कमळाबाई बायकांच्या बाजूला खिरीच्या पातेल्याजवळ बसली होती. पहाटेपासून चुलीपुढे होती. बुवांचा आवाज लागला आणि तिचे डोळे मिटू लागले. झोप नव्हे, पण जागही नव्हे. वर्षाचं सगळं ओझं कुणीतरी हळूहळू खाली उतरवून घ्यावं तसा तो आवाज तिच्यावरून वाहत होता. गोपाळांच्या शिदोऱ्या सुटल्या, यमुनेचं पाणी आलं, त्या पाण्यावरून बुवा नेहमीच्या वळणाने भवसागराला आले.

"म्हणून सांगतो बाबांनो," बुवा म्हणाले, चिपळ्या थांबल्या, "संसार हा खारा समुद्र. ह्या समुद्रात जो जड, तो..."

दरसालची जागा होती. इथे सगळा मांडव एका आवाजात म्हणायचा, बुडाला. ह्या वेळी पाच-सहाच जणांचा आवाज आला, कारण त्यांच्याही आधी बायकांच्या बाजूने कोणीतरी डोळे न उघडता, दमलेल्या, रोजच्या आवाजात म्हणालं,

"उगवला."

कमळाबाईने डोळे उघडले. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे दिसलं, तेव्हा तिने घाईने पदर ओढला. चाळीस वर्षांत कीर्तनात टाळीखेरीज तिचा आवाज कधी निघाला नव्हता.

बुवा रागावले नाहीत. कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस, माउली? बुडाला तो उगवला? हा दृष्टांत कुठला?"

भगवंताने मान खाली घातली. भीमराव खांबाआड हसू लपवत होता. कमळाबाईला सांगायचं होतं, मिठाचं, बटाट्याचं, गोठ्याच्या जागेचं, पण एवढं सगळं उभं करायला एवढ्या माणसांत तिला बळ नव्हतं.

"आधी खीर खा, बुवा," ती म्हणाली. "दाना जड हाय. मंग सांगते."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडून त्यांनी विठ्ठलाचा गजर उचलला आणि मांडवाने तो मागोमाग उचलला. नव्या गड्याची थाप जरा चुकली, भगवंताने मांडीवरून ती सावरून दिली.

काला फुटला. खीर वाटायची होती. कमळाबाईने पळी हातात घेतली आणि उठायला गेली, तर गुडघ्याने ऐकलं नाही. "बसूनच वाढते," ती म्हणाली. "या एकेक जन."

माणसं ओळीने येऊ लागली, एकामागे एक, वीतभर अंतर सोडून.